हे ताईसारखं वाटत नाही

नावाच्या उजव्या बाजूला एक हिरवा ठिपका असतो. मोहरीच्या दाण्यापेक्षा किंचित लहान. मी लॅपटॉप उघडला की तो उजळतो आणि कीबोर्डवरून हात काढले की काही वेळानं विझतो. एकदम नाही, आधी फिका पडतो, मग करडा होतो. तो ठिपका पाहून हजारो लोकांना कळतं की माझी ताई आत्ता टेबलाशी बसली आहे आणि आपण काही लिहिलं तर ती वाचणार आहे. ठिपक्याची माहिती तशी बरोबर असते. फक्त टेबलाशी ताई नसते, मी असते.

ताई रहस्यकथा लिहिते. घड्याळं दुरुस्त करणारी एक विधवा बाई तिच्या प्रत्येक पुस्तकात एक खून उलगडते. वाचक त्या बाईला घड्याळवाली म्हणतात आणि माझ्या बहिणीला ताई. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आणि पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करत होते. प्रयोगशाळेची इमारत दुरुस्तीसाठी बंद झाली तेव्हा दोन महिन्यांसाठी म्हणून ताईकडे राहायला आले. त्याला आता चार वर्षं होतील. माझं टेबल मागच्या खोलीत आहे, कपडे धुण्याचं मशीन आणि पुस्तकांच्या प्रतींचं कपाट यांच्यामध्ये. मशीन जोरात फिरायला लागलं की टेबल हलतं आणि पडद्यावरची अक्षरंही थरथरतात. तेवढा वेळ मी नुसती बसून राहते.

सुरुवातीला ताईच्या इंटरनेटवरच्या पानावर वाचकांना ती स्वतःच उत्तरं द्यायची. घड्याळवालीच्या नवऱ्याला का मारलंत, असं एकीनं विचारलं, तर ताईनं लिहिलं, ‘तो जिवंत राहिला असता तर गोष्ट पुढे सरकत नव्हती.’ एका वाचकानं कौतुकानं कळवलं की त्यानं मुलीचं नाव घड्याळवालीच्या भाचीवरून ठेवलं आहे. ताईनं उलट टपाली लिहिलं, ‘दुसरं एखादं नाव सुचतंय का बघा. पाचव्या पुस्तकात ती खून करणार आहे.’ ताईला यात काही वावगं वाटलं नाही. तिच्या दृष्टीनं ती त्या माणसाला मदत करत होती. पण दोन दिवसांत ते उत्तर सगळीकडे फिरलं, पाचव्या पुस्तकातलं रहस्य पुस्तक यायच्या आधीच फुटलं, आणि प्रकाशन कंपनीनं ताईला बोलावून घेतलं. सोबत मीही गेले.

कंपनीत लेखकांच्या प्रतिमेची काळजी घेणारा एक वेगळा विभाग आहे. त्याच्या प्रमुख बाईंचं घरातलं नाव इस्त्री. हे नाव भावोजींनी ठेवलं, कारण कुठल्याही वाक्यावर त्यांचा हात फिरला की त्यात एक सुरकुती उरत नाही. इस्त्रीबाई वाईट नाहीत. त्यांनी ताईला समजावलं की वाचकाला फक्त पुस्तक नको असतं, लेखिका आपली कुणीतरी आहे असं त्याला वाटायला हवं असतं, आणि ते वाटणं जपणं हेही एक काम आहे. ते ताईला जमत नसेल तर तिच्या जवळच्या कुणीतरी करावं. ताईनं माझ्याकडे बघितलं. मी रिकामीच होते.

मग मी ती पद्धत शिकले. कौतुकाला त्याच दिवशी उत्तर द्यायचं. दोन वाचक आपसात भांडत असतील तिथे आपण नव्हतोच असं वागायचं. कुणी दुःख सांगितलं तर एकच उत्तर, आणि त्याच्या शेवटी प्रश्न विचारायचा नाही, कारण प्रश्नाला पुन्हा उत्तर येतं. ‘माफ करा’ म्हणायचं नाही, ‘मनाला लागलं’ म्हणायचं. नेहमीपेक्षा वेगळं काही लिहिलं की त्यावर पिवळी पट्टी येते आणि इस्त्रीबाईंनी पाहिल्याशिवाय ते बाहेर जात नाही. पहिल्या वर्षी माझ्या बऱ्याच उत्तरांवर पिवळी पट्टी यायची. पुढे क्वचित.

वाचकांना ती ताई फार आवडली. ती आजाऱ्यांची चौकशी करायची, परीक्षेला बसलेल्या मुलींना शुभेच्छा द्यायची, कुणाच्या मांजरीचं नावसुद्धा लक्षात ठेवायची. खऱ्या ताईला मांजर चालत नाही. एकदा आम्ही बाहेर जेवायला गेलो होतो तर शेजारच्या टेबलावरची बाई उठून आली आणि ताईचा हात हातात घेऊन म्हणाली की आईच्या गुडघ्याबद्दल तुम्ही इतकं आपुलकीनं लिहिलंत, आई ते रोज वाचते. ताई म्हणाली, “कुठला गुडघा?” मी टेबलाखालून तिला लाथ मारली, ती लागली भावोजींना. त्यांनी प्रसंग निभावून नेला, पण घरी येईपर्यंत लंगडत चालले. म्हणाले, “मेहुणीबाई, आता हिला बाहेर न्यायचं तर आधी तुमच्याकडे शिकवणी लावायला हवी.”

तशी ती लागलीच. कुठल्याही कार्यक्रमाच्या आधी मी ताईला महत्त्वाच्या वाचकांची माहिती सांगायचे आणि ती नापास होणाऱ्या मुलीसारखी मान हलवायची. पुढे कंपनीनंच तिचे कार्यक्रम कमी केले. गूढ राहिलेलं बरं, असं इस्त्रीबाई म्हणाल्या. ताईला सुटल्यासारखं झालं. ती पुढच्या खोलीत लिहायची, मी मागच्या खोलीत ती व्हायचे, आणि मध्ये भावोजी चहाचे कप घेऊन ये-जा करायचे.

प्रयोगशाळा केव्हाच पुन्हा सुरू झाली होती. तिथल्या मॅडमनी मला दोनदा फोन केला. पहिल्या वेळी मी म्हटलं, सातवं पुस्तक येऊ दे, मग बघू. दुसऱ्या वेळीही तेच म्हटलं. मॅडम मोजकं बोलतात. त्या म्हणाल्या, “तुझी खुर्ची मी अजून रिकामी ठेवलीय. पण खुर्चीला पाणी तपासता येत नाही. या आठवड्यात मला काय ते सांग, नाहीतर मी दुसरी मुलगी घेते.”

मला जायचं होतं. यात मनाचा गोंधळ अजिबात नव्हता. काचेच्या बशीत पाण्यातले कोणते जिवाणू वाढले आहेत ते दुसऱ्या दिवशी झाकण उघडून पाहण्याचं काम मला आवडतं. जे आहे ते आहे असं लिहायचं आणि खाली आपली सही करायची. अडचण फक्त सांगण्याची होती. सकाळी मी ठरवून पुढच्या खोलीत जायचे. ताई कागदातून मान वर करायची, म्हणायची, “तू आहेस म्हणून मला हे लिहिता तरी येतंय गं,” आणि माझं वाक्य राहूनच जायचं. मग मी तिला विचारायचे, चहा घेणार का.

तो आठवडा निम्मा सरला होता तेव्हा ताईच्या पानावर, सगळ्यांना दिसेल असा, मास्तरीणबाईंचा मजकूर आला. हे नावही आमच्या घरातलंच. निवृत्त गणित शिक्षिका. पहिल्या पुस्तकापासून लिहितात, आणि घड्याळवाली एका गावाहून दुसऱ्या गावी इतक्या लवकर कशी पोहोचली वगैरे चुका काढतात. त्यांचे यजमान गेले होते. त्यांनी लिहिलं होतं की शेवटी त्यांचा श्वास बदललेला मला ऐकू येत होता, मी त्यातली अंतरं मोजत बसले, आणि मोजण्याच्या नादात मुलाला उठवलं नाही. ते अजून डोक्यात मोजलं जातंय.

अशा मजकुरासाठी आमच्याकडे तयार वाक्यं आहेत. मी ती उघडली आणि बंद केली. मग लिहिलं की आई गेली तेव्हा दवाखान्यात तिचं मनगट माझ्या हातात होतं आणि सवयीनं मी नाडी मोजत होते. एका क्षणी आकडा चुकला. पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं नाही, नुसता हात धरून बसले. तेवढा वेळच आता माझ्याजवळ उरला आहे, मोजलेला सगळा गेला. तुमचंही मोजणं कधीतरी चुकेल, तेव्हा चुकू द्या.

पिवळी पट्टी आली. थोड्या वेळानं इस्त्रीबाईंनी विचारलं, ‘फारच सुंदर. तपशील खरा आहे ना? उद्या कुणी खोदून काढलं तर?’ मी लिहिलं, ‘खरा आहे.’ पट्टी गेली.

दुसऱ्या दिवशी कंपनीनं त्यातली दोन वाक्यं फिक्या निळ्या रंगावर छापून सगळीकडे टाकली, खाली ताईचं नाव. सातव्या पुस्तकाच्या मागच्या पानावरही तीच घ्यायची ठरली. ताईनं ते नाश्ता करताना फोनवर पाहिलं. तिनं ब्रेडचा तुकडा खाली ठेवला.

आई गेली त्या दिवशी ताई दुसऱ्या शहरात होती. पहिल्या पुस्तकाला बक्षीस मिळालं होतं. ती पोहोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. या गोष्टीबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही.

“आईजवळ कोण बसलं होतं?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, मी.

“मग इथे माझं नाव कसं?”

भावोजी कप उचलून आत गेले. मला सांगता आलं असतं की प्रत्येक उत्तराखाली तिचंच नाव असतं आणि हे तिनंच मान्य केलेलं आहे. पण तिला तेवढं कळत होतं. ती चिडलेलीही नव्हती. कुणीतरी आपल्या कपाटातून काहीतरी नेलं आहे, आणि नेमकं काय नेलं ते आठवत नाही, असा तिचा चेहरा झाला होता. ती मागच्या खोलीत गेली, माझ्या खुर्चीवर बसली आणि मास्तरीणबाईंच्या मजकुराखाली टाइप करायला लागली. तिला दोन बोटांनीच येतं. मी दारात उभी होते.

तिनं लिहिलं, ‘आई गेली तेव्हा मी तिच्याजवळ नव्हते. माझी धाकटी बहीण होती. वरचं उत्तर तिचं आहे. तुम्हा सगळ्यांना येणारी बहुतेक उत्तरं तिचीच असतात. तुमचे यजमान गेले त्यावर काय म्हणावं ते मला कळत नाही. मला अशा वेळी कधीच कळत नाही. मी फक्त पुस्तकं लिहिते.’

आमच्या दोघींमध्ये या प्रकाराबद्दल चार वर्षांत बोललं गेलेलं हे पहिलं खरं वाक्य होतं, आणि ते बोललं नव्हतं, लिहिलं होतं. तिनं पाठवायची कळ दाबली. मला वाटलं, संपलं. जे मला सांगता येत नव्हतं ते हिनंच सांगून टाकलं. मॅडमना फोन करायला मी फोन हातातसुद्धा घेतला.

पहिली प्रतिक्रिया आली, ‘हे ताईसारखं वाटत नाही.’

त्याखाली दुसऱ्या कुणीतरी लिहिलं की अकाउंट हॅक झालेलं दिसतंय. तिसऱ्यानं लिहिलं, आपली ताई इतकं कोरडं लिहूच शकत नाही. ताईनं उत्तर दिलं, ‘मी ताईच आहे.’ त्यावर हसरे चेहरे आले. एकानं लिहिलं, घड्याळवालीला बोलवा, चोर स्वतःच ठाण्यात हजर झालाय. मग मास्तरीणबाईंचं आलं. ‘तुम्ही कोण आहात मला ठाऊक नाही. दुसऱ्याच्या आईच्या मरणाची थट्टा करू नये एवढं तरी तुम्हाला शिकवलं गेलं असेल. आमच्या ताईंचं अकाउंट त्यांना परत करा.’

ताईनं ते दोनदा वाचलं. तिच्या चाहत्यांनी मिळून तिची तक्रार केली आणि दुपारी अकाउंट बंद पडलं. तिच्या वाचकांनी तिला तिच्याच घरातून बाहेर काढलं होतं, आणि तेही तिच्यावरच्या प्रेमापोटी. भावोजींना यावर काही विनोद सुचला असावा. त्यांनी तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि मिटलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीत बोलावलं. खाली गळ्यात अडकवायला पट्टे देतात. ताईच्या पट्ट्यावर ‘लेखिका’ लिहिलेलं होतं आणि माझ्या पट्ट्यावर ‘लेखिकेसोबत’. बैठकीची खोली चारी बाजूंनी काचेची. दार इस्त्रीबाईंच्या कार्डानंच उघडतं, आतून बाहेर जातानाही. बाहेर लोक कॉफी घेऊन जात-येत होते. त्यांचं बोलणं आत ऐकू येत नव्हतं, नुसती तोंडं हलताना दिसत होती.

इस्त्रीबाईंनी आधी ताईची चौकशी केली, झोप लागली का विचारलं. मग सांगितलं की घाबरण्यासारखं काही नाही. अकाउंट खऱ्या मालकाच्या ताब्यात आहे याची खात्री पटली की ते उघडेल, आणि त्यासाठी कंपनीकडे एक प्रोग्रॅम आहे. माणसाच्या लिहिण्याची एक ढब असते, वाक्याची लांबी, आवडते शब्द, कुठे थांबतो ते. आधीच्या मजकुराशी प्रोग्रॅम ती ताडून पाहतो. ताईंनी फक्त इथे बसून दोन परिच्छेद लिहायचे.

ताईनं लिहिलं. पडद्यावर लाल अक्षरं आली: जुळत नाही.

इस्त्रीबाई म्हणाल्या, होतं असं, दडपण येतं, पुन्हा एकदा. या वेळी ताईनं माझी नक्कल करायचा प्रयत्न केला. ‘माझ्या लाडक्या वाचकांनो’ असं तिनं टाइप केलं आणि मला तिच्याकडे बघवेना. जुळत नाही. आधीपेक्षाही कमी जुळलं, बाजूला टक्का दाखवतात त्यावरून कळलं.

इस्त्रीबाईंनी कीबोर्ड माझ्यासमोर सरकवला. मी दोन ओळी लिहिल्या, आज हवा कशी आहे आणि मला कॉफी हवी आहे एवढंच. हिरवी अक्षरं आली: मालकाची ओळख पटली.

प्रयोगशाळेत असं झालं असतं तर मी नमुना फेकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली असती. इथे सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आता एक छोटा खुलासा टाकला की झालं, असं इस्त्रीबाई म्हणाल्या. मसुदा त्यांनी तयार ठेवला होता. काल काही तास माझं अकाउंट चुकीच्या हातात होतं. तुमच्या प्रेमानं ते ओळखलं आणि मला परत मिळवून दिलं. मास्तरीणबाईंचे खास आभार. मुद्दे हेच ठेवायचे, म्हणाल्या, पण भाषा तुमची हवी, माझी भाषा वाचक लगेच ओळखतील.

मी विचारलं, ताईनं लिहिलं होतं ते खरं होतं, त्याचं काय?

इस्त्रीबाईंनी मला शांतपणे सांगितलं की खरं-खोटं त्यांच्या विभागाकडे येत नाही, विश्वास येतो. आज लोकांचा विश्वास ज्या आवाजावर आहे तो आवाज म्हणजे ताई. उद्या खरं सांगितलं तर चार वर्षं ज्यांनी आपली दुखणी सांगितली त्या प्रत्येकाला फसवल्यासारखं वाटेल, आणि सातवं पुस्तक तोंडावर आहे. हे कुणाचंच भलं नाही. “तुम्हालाही कुणी काढत नाहीये,” त्या म्हणाल्या. “उलट आता तुमच्याशिवाय चालणारच नाही. प्रोग्रॅममध्ये मालक म्हणून तुमचीच नोंद झालीय.”

त्यांना वाटलं, त्या मला धीर देत आहेत. मी दाराकडे बघितलं. बाहेर एक मुलगी काचेत स्वतःचे केस नीट करत होती. आतल्या आम्ही तिला दिसत नव्हतो.

ताई टेबलावर हात ठेवून बसली होती. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर पेनचा घट्टा आहे, शाळेपासूनचा. चुकीचे हात म्हणजे हे. मला वाटलं, ती आता उठेल. रागीट आहे ती. लहानपणी मास्तरांनी निबंधातलं वाक्य खोडलं म्हणून वही घेऊन घरी निघून आली होती. मी वाट पाहिली. ती उठली की मी उठणार होते, हे मला तेव्हा पक्कं माहीत होतं.

ती म्हणाली, “लिही गं, चिमटे.”

चिमटी हे माझं लहानपणचं नाव. मी किडे चिमट्यानं उचलायचे म्हणून. लोकांसमोर ती मला कधी त्या नावानं हाक मारत नाही.

“ताई, तुझं वाक्य तूच खोटं म्हणतेयस.”

“मला माहितेय. पण त्या बाईनं मला काय लिहिलं ते वाचलंस ना? तिला मी नकोय. कुणालाच नकोय मी. त्यांना तू हवीयस. मला घरी बसून पुस्तक लिहायचंय, बास.” तिचा आवाज अगदी खाली आला. “तू तुझ्यासारखं लिही, म्हणजे ते माझ्यासारखं होईल. पुस्तक येऊ दे, मग बघू.”

मग बघू. मॅडमना मी दोनदा हेच म्हटलं होतं, आणि ऐकताना त्यांना कसं वाटलं असेल ते मला आत्ता कळलं. सातव्यानंतर आठवं येणार होतं. तोपर्यंत माझ्याकडे सांगण्यासारखं अजून काही साठेल, तेही ताईच्या नावावर जाईल, आणि एक दिवस मीच माझ्या आठवणीखाली तिचं नाव पाहून चकित होईन.

इस्त्रीबाईंनी घड्याळाकडे पाहिलं नाही, पण पेनाचं टोपण दोनदा उघडून लावलं. मी कीबोर्डवर हात ठेवले. बोटांना सवय असते. त्यांनी ‘माझ्या’ लिहिलं आणि पुढचा शब्दही त्यांच्यात तयार होता. मी हात उचलून मांडीवर ठेवले. ताई पडद्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही, म्हणून मी तिचं मनगट धरलं. ते गरम होतं. तिनं वळून पाहिलं तेव्हा मी बोलले, आणि आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा बराच साधा निघाला.

“मी हे लिहिणार नाही, ताई. आणि यापुढे तुझ्या नावानं काहीच लिहिणार नाही. मी माझ्या कामावर परत जातेय.”